आंघोळीनंतरचं तेल

आमच्या सासूबाईंनी बडोद्यातल्या कितीतरी मराठी नवऱ्या मुलींना नऊवारी नेसवली. आम्ही दांडिया बाजारात राहत होतो तेव्हा लग्नाच्या मोसमात सकाळीच त्यांना न्यायला रिक्षा यायची. एकही पिन न लावता त्या असा काष्टा घालायच्या, की नवरी दिवसभर नाचली तरी साडी जागची हलायची नाही. मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये आल्यावरही बोलावणी चालूच होती. मग एका भाचीच्या लग्नात निऱ्या घालताना त्यांच्या भेगाळलेल्या बोटात रेशीम अडकलं आणि शालूचा धागा ओढला गेला, तोही ऐन दर्शनी भागावर. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "आता बस." त्यानंतर त्यांनी कुणालाच नेसवली नाही.

हात त्यांचे पहिल्यापासूनच खरखरीत, वयाबरोबर भेगाही पडल्या. नातीला कुरवाळायचं तर उलट्या हाताने, कारण तळवा गालाला ओरखडायचा. माझ्या मुलीला लहानपणापासून आजीचा तो उलटा हातच ठाऊक.

तिचं लग्न ठरलं उत्तरायणानंतरचं, म्हणजे संक्रांत झाल्यावर, ऐन थंडीत. तिने आजीला सांगून टाकलं, "नऊवारी तूच नेसवायची."

"शिवलेली मिळते आता. पँटसारखी चढवायची, चेन ओढायची. चालशे ने, चालेल की!"

"मग मी जीन्समध्येच बोहल्यावर उभी राहते," असं म्हणून मुलगी रडत खोलीत गेली. आजी देवघरात जाऊन बसली. दोघी एकाच मातीच्या, मध्ये मरण माझं.

थंडी वाढली तसे हात आणखी फुटले. मी साय आणि लिंबू चोळून बघितलं. भेगांत लिंबू गेल्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. शेवटी त्यांना वासणा भागातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण गुजराती बाई. तिने हात नीट तपासले, बुरशी वगैरे नाही, नुसता कोरडेपणा आहे म्हणाली आणि विचारलं, आंघोळ कशी करता?

सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं. आधी भरपूर खोबरेल चोळायचं, मग कडकडीत पाणी, वर डाळीचं पीठ, शेवटी साबण. ओशटपणा म्हणून राहता कामा नये.

"बा, तेल तो तमे गटरमां मोकलो छो," डॉक्टर म्हणाली. तेल सगळं गटारात! आणि हे सांगताना ती हसली नाही, याचं मला कौतुक वाटलं. मग तिने समजावलं. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवून धरतं. कडक पाणी आणि साबण कातडीचं स्वतःचं तेलही धुऊन नेतात. म्हणून पाणी कोमट, आंघोळ आटोपशीर, डाळीचं पीठ बंद. अंग टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि ओलसर असतानाच मलम किंवा तेल लावायचं. झोपताना भेगांवर जाड मलम, भांडी घासताना रबरी मोजे.

रिक्षात सासूबाई फणकारल्या, "आंघोळीनंतर तेल? मग आंघोळ केली कशाला? ओशट हातांनी देवाला शिवू?"

"आई, देवापुढे रोज तेलाचाच दिवा लावता ना? त्याला चालतं."

मांजलपूर येईपर्यंत त्या तोंड फिरवून रस्ता बघत बसल्या.

पण दुसऱ्या दिवसापासून मलम लावू लागल्या. गीझरचा काटा मी खाली आणायची, त्या वर न्यायच्या. न्हाणीघरातून वाफ आली की मी दार वाजवायची. संध्याकाळी त्या जुन्या रेशमी ब्लाउजवरून बोटं फिरवून बघत. मला दिसत होतं, पण मी बघत नाही असं दाखवायची. आधी बोटं जागोजाग अडकायची, मग कमी, मग फक्त उजवा अंगठा. तो काही केल्या भरेना.

लग्नाच्या सकाळी पार्लरवाली शिवलेली नऊवारी घेऊन हजर होती. सासूबाईंनी हात कोमट पाण्याने धुतले, टिपले, मलम चोळलं, ते जिरेपर्यंत बसून राहिल्या. मग उठल्या आणि पार्लरवालीला म्हणाल्या, "तू केसांचं बघ." कपाटातून खरा शालू काढला. निऱ्या घालताना उजवा अंगठा त्यांनी सबंध वेळ वर उचलून धरला होता. काष्टा खोचला, पदर बसला, एकही धागा निघाला नाही.

मग पदर ठीक करता करता त्यांनी नातीच्या गालाला हात लावला. तळवा.

मुलगी एकदम रडायलाच लागली. "आजी, सुलटा हात लावलास."

"डोळे पूस आधी," सासूबाई म्हणाल्या, "शालूवर डाग पडेल." हात मात्र त्यांनी काढला नाही.