शालूबाईंचा डबा

माझ्या सासूबाईंना, शालूबाईंना, आम्ही घरात आत्ती म्हणतो. आत्तींना रिकाम्या हातानं कुठं जाणं जमतच नाही. बाजारात निघाल्या तरी पिशवीत चार केळी असतात, वाटेत कुणाचं पोर भेटलं तर काय द्यायचं म्हणून. पण परवा दवाखाना बघायला त्या भाकरीचा डबा घेऊन निघाल्या, तेव्हा मी कपाळाला हात लावला.

हा दवाखाना मनोरुग्णांचा. आमच्या कंग्राळी गावाहून रिक्षानं जाण्यासारखा. तिथल्या बायकांच्या वॉर्डात आत्तींनी आया म्हणून उभी हयात काढली. पुढं तो बंद पडला. आता डागडुजी करून त्याला तिकीट लावलंय. शहरातल्या कॅम्पातली, कोल्हापूरकडची माणसं गाड्या काढून येतात आणि जुन्या खाटांपुढं फोटो काढून घेतात. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही.

"आत्ती, तिथं आता कँटीन हाय," मी म्हटलं.

"असू दे की. वॉर्डात कोन डब्याबिगर जातंय?"

मंगलमावशी केव्हाची चप्पल घालून दारात उभी होती. ही मावशी आमच्या रक्ताची नव्हे, निपाणीकडची. नवऱ्यानं तिला तरुणपणीच त्या दवाखान्यात सोडलं आणि पाठ फिरवली ती कायमची. ती बरी झाली, पण न्यायला कुणी येईना.

रविवारी भेटीची घंटा व्हायची. बायका केस विंचरून आपापल्या खाटेवर बसायच्या आणि आत्ती दारातून पुकारायच्या, अमकीच्या घरचं आलंय गं. जिचं नाव निघे तिनं आपल्या डब्यातला घास सगळ्या खाटांवर फिरवायचा, असा वॉर्डाचा रिवाजच होता. मंगलमावशीनं वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घरचं खाल्लं. दवाखाना बंद होताना बाकीच्यांना दुसरीकडं हलवलं आणि आत्तींनी हिला घाईघाईनं रिक्षात बसवून आमच्याकडं आणलं. आता ती माझ्या फोडणीला रोज नावं ठेवते, आणि एखाद्या दिवशी नाही ठेवली तर मलाच चुकल्यासारखं होतं. पण रागावली की तिचं एकच असतं, "माझं नाव कवा पुकारलंच न्हाय."

दवाखाना बघायचा हट्ट तिचाच होता. आत्ती मात्र चालढकल करत होत्या. मला एकदा हळूच म्हणाल्या, "तिला परत सोडायला आनलंय असं वाटलं तर गं?"

फाटकावर रखवालदारानं डब्यावरून अडवलं. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. आत्तींनी त्याला कन्नडमध्ये असं काही फैलावर घेतलं की तो बिचारा मुकाट्यानं बाजूला झाला.

आत सगळं चकाचक केलेलं होतं. मावशी कुणाला वाट न विचारता आमच्या पुढं चालत होती. तिच्या वॉर्डात खाटा तशाच ओळीनं मांडलेल्या, पुढं दोरी बांधलेली. आम्ही तिथं असतानाच बंद व्हायची वेळ झाली आणि घंटा वाजली. घंटा त्यांनी जुनीच ठेवलीय. लोक दाराकडं निघाले. मावशी मात्र दोरी ओलांडून आपल्या खाटेवर जाऊन बसली, बोटांनी केस सारखे केले आणि दाराकडं बघत राहिली.

रखवालदार धावत आला. दोघातिघांनी मोबाइल वर केले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तोच आत्तींनी माझा हात दाबला. त्या दारापर्यंत मागं गेल्या, उंबऱ्यात उभं राहून पदर खोचला आणि पूर्वीच्या आवाजात हाक दिली.

"मंगल, तुझ्या घरचं आलंय गं."

मावशी जागची हलली नाही. "कोन आलंय?"

"मी, शाली. आनि ही आपली सून."

"डबा आनलाय?"

डब्याची पिशवी माझ्या हातात होती, ती मी पुढं केली. मला रडू आवरत नव्हतं.

मावशीनं डबा मांडीवर उघडला, भाकरीचे तुकडे केले आणि एकेकाला शेंगांची चटणी लावली. मग आजूबाजूला पाहिलं. खाटा सगळ्या रिकाम्या होत्या. ती उठली. पहिला घास तिनं रखवालदाराच्या हातावर ठेवला आणि मग त्या मोबाइलवाल्यांच्या.

"खावा," ती म्हणाली, "माझ्या घरचं हाय."