मोकळ्या घरातली खोकी

चित्रकलेच्या बाईंनी 'मोकळं घर' नावाचा ब्लॉग सुरू केला, तेव्हा त्यांच्या घरात खरोखरच काही नव्हतं. नवी जागा घेताना खिसा रिकामा झालेला, म्हणून दोन पलंग, एक टेबल आणि मोजकी भांडी. बाईंनी त्या चणचणीलाच गोंडस रूप दिलं. वस्तू कमी असल्या की जीव कसा हलका राहतो, हे त्यांनी इतकं मनापासून लिहिलं की वाचणाऱ्या बायकांनी भराभर माळे उपसले.

मग कंपन्यांना वास लागला. कमी वस्तूंत भागवणाऱ्या या बाईला प्रत्येक कंपनीला आपली फक्त एकच वस्तू द्यायची होती. कुणाचा दिवा, कुणाची घडीची खुर्ची, कुणाचे डबे. वस्तूचं कौतुक करून लेख लिहायचा, खाली बारीक अक्षरात 'प्रायोजित' टाकायचं, की पैसे खात्यात. बाईंनी शाळेला रामराम ठोकला. नवरोबांनीही दुकानातली नोकरी सोडून गळ्यात कॅमेरा अडकवला. इथेच दोघं फसले.

कारण करारात मेख होती. वस्तू वर्षभर विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. कंपनी कधीही नवा फोटो मागणार. त्यामुळे पाहुण्या म्हणून आलेल्या वस्तू घरजावई होऊन बसल्या. बाहेरच्या खोलीतली पांढरी भिंत आणि तिच्यापुढची जागा तेवढी मोकळी ठेवलेली. वस्तू तिथे मांडायची, फोटो काढायचा आणि परत खोक्यात. उरलेल्या घरात अंग चोरून चालायचं.

शेवटी मुलीची खोली गेली. पोरगी कॉलेजातली, परीक्षा तोंडावर. तिचा पलंग भिंतीला उभा टेकवला आणि ती स्वयंपाकघरात गादी टाकून झोपू लागली. मैत्रिणींना घरी आणायची बंदी, कारण आईचं बिंग फुटेल. ती कुरकुरली की बाई म्हणायच्या, थोडे दिवस कळ काढ. जुन्या वस्तूंचं वर्ष सरेपर्यंत नव्या येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी मुलगी बॅग भरून दारात उभी राहिली. आत्याकडे राहायला जाते म्हणाली. हे सगळं आजच बंद करते, खोकी परत पाठवते, असं बाई बोलून गेल्या. नवऱ्याने खाली बघत विचारलं, मग खायचं काय? शाळेत बाईंच्या जागी दुसरी बाई कधीच रुजू झाली होती. त्याच्या दुकानाला तर टाळं लागलं होतं.

"मी राहते," मुलगी म्हणाली. "पण कुठे बसून अभ्यास करू, ते सांग."

बाईंनी घरभर नजर फिरवली.

"भिंतीपाशी बस ना," त्या म्हणाल्या. "फक्त फोटोच्या वेळी उठायचं."

आपण काय बोललो, हे त्यांना लगेच कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी भांडली नाही. येते म्हणाली आणि जिना उतरली.

दुपारी टेबलं बनवणाऱ्या एका कंपनीचा निरोप आला. 'मोकळं घर'वर मुलीच्या अभ्यासाचा कोपरा दाखवा, मुलगी फोटोत हवीच. बाई तो निरोप वाचून खूप रडल्या. मग तोंड धुतलं, नणंदेला फोन लावला आणि विचारलं, पोरीला रविवारी तासभर इकडे पाठवाल का?