खाली ठेवलेला पेला

अरब मुलखातल्या समावा शहराबाहेर उस्ताद मुनीर या पुढाऱ्यांचं बोरूच्या काड्यांनी बांधलेलं मोठं पाहुणघर आहे. तिथे मिझहर अठरा वर्षं कडू कॉफी भाजतो, कुटतो आणि उभ्याने ओततो. आपल्या हातची कॉफी कुणी गार होऊ दिली नाही, ही त्याची एकुलती एक बढाई.

चार वर्षांपूर्वी थामिर उस्तादांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला. "थामिरच्या गोताचं मीठ खाईल त्याने माझी कॉफी ओतू नये," असं उस्ताद भर बैठकीत म्हणाले. मिझहरची धाकटी बहीण फखरिया त्याच गोतात दिलेली. मिझहरने दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरी पाऊल टाकलं नाही. पुढे तिचा नवरा वारला. मातमाचे तीन दिवस गाव तिच्या दारात बसून होतं, आणि हा शहाणा इथे निष्ठेने कॉफी कुटत होता.

आता उस्ताद पंतप्रधान होणार, हे ठरल्यात जमा आहे. पण खासदार कमी पडतात, म्हणून गृहमंत्रिपदासाठी नाव निघालं ते थामिरचंच. काल दुपारी तो स्वतः आला. मिझहरने दिलेला पेला त्याने ओठाला न लावता चटईवर ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही, हा इथला रिवाज.

"पी रे," उस्ताद म्हणाले. "यादीत तुझंच नाव वर आहे."

थामिर प्यायला आणि दोघे गळ्यात गळा घालून बसले. चार वर्षांचं वैर एका घोटात संपलं. मिझहरच्या डोक्यात तिडीक गेली. तरी पाहुणे जाईपर्यंत तो थांबला. मग त्याने विचारलं, "उस्ताद, आता मी फखरियाकडे जाऊ ना?"

"कोण फखरिया?"

"माझी बहीण. थामिरच्या गोतातली. तुम्हीच म्हणाला होतात."

"अरे, ते निवडणुकीतलं बोलणं." उस्ताद हसले. "तू खरंच गेला नाहीस?"

मिझहर किटली तिथेच टाकून चालत सुटला. उस्तादांचा राग येत होताच, स्वतःचा त्याहून जास्त.

फखरियाने दार उघडलं. "या, अबू हातिम," म्हणाली. बाहेरचे लोक त्याला मुलाच्या नावाने अशी मानाची हाक मारतात; पूर्वी ती नुसतं मिझहर म्हणायची. परक्याला द्यावी तशी तिने कॉफी दिली. त्याने पेला खाली ठेवला आणि मान खाली घातली.

फखरियाला रिवाज ठाऊक होता. तिने एकदा त्या पेल्याकडे पाहिलं.

"तीन दिवस तुमच्यासाठी दाराशी खुर्ची ठेवली होती," ती म्हणाली. "लोक तिच्यावर बसायला यायचे, मी उठवायची."

एवढं बोलून ती आत कपडे धुवायला गेली. पी, असं काही ती म्हणाली नाही. मिझहर तिथेच बसून राहिला, आणि त्याच्यासमोर कॉफी गार झाली.