आईचा पुढचा दात

माझ्या साखरपुड्याच्या एकाही फोटोत आई हसलेली नाही. हे माझं कर्तृत्व.

आईचे दात पिवळे होते. मिश्री सोडून बरीच वर्षं झाली तरी रंग काही गेला नव्हता. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिचं हसू दोन मजले खाली ऐकू यायचं. लग्न ठरल्यावर मलाच ते दात दिसायला लागले. सासरची माणसं अंबरनाथची, बोलण्यावागण्यात अगदी टापटीप.

उल्हासनगरला खरेदीला गेले तेव्हा दात पांढरे करायच्या पट्ट्या घेतल्या. दुकानदाराने विचारलं, कुठल्या दातावर कॅप वगैरे नाही ना? मी बेधडक नाही म्हणून मोकळी झाले.

घरी आईने खोकं उलटसुलट करून पाहिलं.

"माझ्या दातांची लाज वाटते का गं तुला?"

"काहीतरीच काय आई. फोटोसाठी म्हणतेय."

माझं खोटं तिला कळलं असणार. तरीही तिने रोज न चुकता पट्ट्या लावल्या. गार पाण्याने कळ यायची, तर कोमट पिऊ लागली.

हळूहळू दात उजळले, वरचा पुढचा एक सोडून. फार पूर्वी मोरीत पाय घसरून तो तुटला होता आणि बाबांनी त्यावर कॅप बसवून घेतली होती. डॉक्टर पांढरीशुभ्र कॅप दाखवत होते, पण बाबा अडून बसले, हिच्या बाकीच्या दातांसारखीच द्या, कुणाला कळता कामा नये. कुणाला कळलं नाही, आणि बाबा गेल्यावर मीसुद्धा विसरले. आता तो एकटाच पिवळा उठून दिसत होता.

डॉक्टरांनी सांगितलं, कॅपचा रंग असा बदलत नाही, हवं तर नवी बसवू.

"राहू दे," आई म्हणाली. "ती ह्यांनी बघून घेतलीय."

साखरपुड्यात ती तोंडाशी पदर धरून वावरली. मला कुणाच्या डोळ्याला डोळा देववेना.

पुढे चहाने दात पुन्हा पिवळे झाले, कॅप त्यांच्यात मिसळून गेली. मी माफी मागितली तेव्हा तिने भाजीचा विषय काढला. पण हसताना तोंडावर हात धरायची सवय तिला लागली ती लागलीच.

माझी मुलगी आता दोन वर्षांची आहे, दिवसभर आजीजवळच असते. परवा पाहिलं, तीही तोंडावर हात धरून हसते.