भरधावच्या सासूबाईंचं देवदर्शन

रिक्षा स्टॅंडवर त्याला सगळे भरधाव म्हणायचे, आणि त्यालाही ते मनापासून आवडायचं. चहा तो वाफ निघत असतानाच घशाखाली घालायचा. सदऱ्याची बटणं जिना उतरता उतरता लावायचा. त्याची बायको सांगायची की मला बघायला आला तेव्हा चहाचा कप बाहेर येण्याआधीच होकार देऊन हा उठला होता, आणि आम्ही सगळे ट्रे हातात धरून नुसते बघत राहिलो.

ही घाई त्याच्या अंगात मुरली ती पोरवयात. वर्तमानपत्रांची गाडी होती, तिच्यावर तो गठ्ठे टाकायला जायचा. उन्हं वर आली की त्या गठ्ठ्यांची रद्दी व्हायची, म्हणून गाडी थांबायची नाही. चालत्या गाडीतून गठ्ठा नेमका दुकानाच्या पायरीवर पडला पाहिजे, असा मालकाचा दंडक होता. पुढे ती नोकरी सुटली आणि रिक्षा आली, तरी पायाची भिंगरी काही थांबली नाही.

आणि गाव तरी कसलं, तर देवळांचं. बाहेरगावची माणसं गाडीतून उतरायची ती देवळं बघायलाच. भरधावने त्यांतली मोठी नऊ निवडून आपला एक फेरा बसवला होता. "सकाळी निघा, जेवायला परत" हे त्याचं ब्रीद. देऊळ आलं की रिक्षा दाराशी लावायची, त्या देवळाची माहिती एका वाक्यात सांगायची, आणि माणसं आत गेली की वळसा घालून मागच्या दाराशी इंजिन चालू ठेवून उभं राहायचं. कुणी रेंगाळलं तर दोनदा हॉर्न. माणसं दुपारी लॉजवर परतायची ती दमून भागून, कुठलं देऊळ कुठलं ते एकमेकांना विचारत. पण सगळं बघून झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असायचं, आणि भरधावला तेवढं पुरायचं.

तो स्वतः मात्र आत जायचा नाही. श्रद्धा नव्हती असं नाही, दारावरून जाताना हात कपाळाला लागायचाच. पण चपला काढायच्या, रांगेत उभं राहायचं, पुन्हा चपला शोधायच्या, एवढा वेळ कुणाला होता? देवळांची माहितीही त्याने स्टॅंडवरच्या गप्पांतून गोळा केलेली. बाजारातल्या देवळात एक खांब आहे, त्यावर बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो, हे तो प्रत्येक उतारूला सांगायचा. स्वतः तो खांब त्याने कधी पाहिला नव्हता.

नवराबायको पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. खाली गिरणी सुरू झाली की वर फळीवरचे डबे हळूहळू पुढे सरकायचे, आणि बायको जाता येता ते मागे ढकलायची. खिडकीशी तिचं शिलाई मशीन होतं. ती दुकानांसाठी कापडी पिशव्या शिवायची. कोरं कापड नंतर आटू नये म्हणून ते आधी धुऊन गच्चीवर वाळत घालायचं आणि मगच कात्री लावायची, अशी तिची पद्धत होती.

अशा घरात एक दिवस सासूबाई आल्या. जन्मभर त्यांनी इस्पितळाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात आयाचं काम केलेलं. आपल्या गावातली अर्धी पोरं आपण पहिल्यांदा पुसून काढली, असं त्या सांगायच्या. नोकरी होती तोवर रजा मिळाली नाही, नोकरी संपली तर सासऱ्यांचं आजारपण सुरू झालं. आता सासरे जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि त्या लेकीकडे पहिल्यांदाच निवांत राहायला आल्या होत्या. पहिल्या दिवशी गिरणी सुरू होऊन जमीन थरथरू लागली तेव्हा भरधाव जरा ओशाळला. पण सासूबाई म्हणाल्या की पाळण्यात झोपल्यासारखं वाटतंय, आणि खरंच डोळे मिटून पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विषय काढला. गावातली सगळी देवळं बघायची आहेत म्हणाल्या. भरधावची छाती फुगली. हा तर आपल्या हातचा मळ. उद्याची सकाळ मला द्या, असं त्याने सांगून टाकलं. बायकोने मशीनवरून मान वर करून एकदा नवऱ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली.

सकाळी पहिल्या देवळाशी सासूबाई उतरल्या. भरधावने ठरलेलं वाक्य सांगितलं, मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. सासूबाई येईनात. त्याने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. आणखी चार माणसं दचकून बाहेर आली, सासूबाई नाहीत. शेवटी त्या आल्या त्याही पुढच्याच दाराने, आणि तो वळसा घालून पुन्हा पुढे आला तेव्हा चपलांच्या मांडणीशेजारच्या बाकावर बसून तिथल्या बाईशी बोलत होत्या.

"आई, अजून आठ आहेत," तो म्हणाला.

"असू द्या की. कुठे पळून जातायत?"

इथे पंचाईत झाली. लॉजवरचं एक कुटुंब त्याने स्टेशनवर सोडायचं कबूल केलं होतं. सासूबाई एवढा वेळ लावतील असा हिशेब त्याने धरलाच नव्हता. त्यांना इथेच बाकावर बसा, मी गेलो आणि आलो, असं सांगून तो सुटला. जाताना त्याच्या लक्षातही आलं नाही की सासूबाईंचा मोबाईल घरी खिडकीत चार्जिंगला लावलेला आहे.

तो परत आला तेव्हा बाक रिकामा होता.

आधी त्याला वाटलं, पुन्हा आत गेल्या असतील. चपलांच्या मांडणीवरच्या बाईने ते वाटणं मोडून काढलं. बायकांची एक मोठी व्हॅन आली होती, त्यांच्याशी बोलता बोलता त्या चढून बसल्या, असं तिने सांगितलं. कुठे गेल्या ते तिला ठाऊक नव्हतं. हसत हसत गेल्या, एवढंच. भरधावच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला बायकोचा चेहरा दिसू लागला. आजवर बाहेरगावच्या शेकडो माणसांना सुखरूप पोचवणारा माणूस, आणि घरची एक सासू हरवून बसला.

तो बाजारातल्या देवळाशी आला. व्हॅन नव्हती. बाहेरून हाका मारून काय उपयोग, म्हणून चपला काढून आत शिरला. आत अंधार, गारवा, तेलाच्या दिव्यांचा वास. डोळे सरावल्यावर त्याला दारवान दिसला. सासूबाईंचं वर्णन ऐकताच दारवान खुलला. त्या बाई होय, म्हणाला. एका उतारू बाईचं पोर रडून आकांत करत होतं, ते त्यांनी खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटून झोपवलंसुद्धा. आता बहुतेक नदीकाठच्या देवळात गेल्या असतील.

भरधाव वळणार तेवढ्यात त्याला एक म्हातारे गृहस्थ दिसले. ते एकेका खांबाला टिचकी मारून कान लावत होते. दारवानाने कपाळाला हात लावला.

"कुणीतरी रिक्षावाला आहे," तो वैतागून म्हणाला. "सगळ्यांना सांगतो, इथला खांब वाजतो. वाजणारा खांब आहे तो नदीकाठच्या देवळात. इथे टिचक्या मारून मारून लोकांनी रंग उडवला. सापडू दे एकदा."

भरधावने घसा साफ केला, लोक काय वाटेल ते सांगतात अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला आणि पाठमोरा झाला. पण दारात पोचेपर्यंत त्याला राहवेना. तो परत फिरला आणि तो रिक्षावाला मीच, असं सांगून मोकळा झाला. दारवानाने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हातारबुवांना बोलावून, तुम्हाला हे गृहस्थ योग्य देवळात घेऊन जातील, असं सांगून त्यांना भरधावच्या गळ्यात घातलं. भरधाव नाही कसं म्हणणार?

म्हणून नदीकाठच्या देवळात तो गेला तो म्हातारबुवांना घेऊन, त्यांच्या पावलाने. सासूबाई तिथेही नव्हत्या. पण पुजाऱ्याकडे त्यांचा निरोप होता. माझे जावई येतील, उंच आहेत, घामाघूम असतील, त्यांना सांगा मी टेकडीवरच्या देवळात जातेय, सावकाश या. पुजाऱ्याने ओळख पटवायला काही विचारलंसुद्धा नाही. नुसतं पाहून निरोप दिला. तोवर म्हातारबुवांना खांब सापडला होता. त्यांनी भरधावला हाताने ओढून जवळ नेलं, टिचकी मारली, आणि त्याला कान लावायला लावला. आवाज बारीक होता, पण लांबवर जाणारा, आणि तो पार विरून जाईपर्यंत दोघेही वाकून उभे राहिले.

टेकडीच्या पायथ्याशी व्हॅन उभी होती. भरधाव पायऱ्या चढू लागला. त्याने उतारूंना शेकडो वेळा सांगितलं होतं, थोड्याच पायऱ्या आहेत, पटकन जाऊन या. अर्ध्यावर त्याच्या मांड्या भरून आल्या. आणखी थोडं वर गेल्यावर तो चक्क बसला. शेजारून एक आजीबाई काठी टेकत पुढे निघून गेल्या आणि जाता जाता त्याला म्हणाल्या, दमानं या हो.

वर पोचला तेव्हा सासूबाई कठड्याशी सावलीत बसल्या होत्या. व्हॅनमधल्या बायका आत दर्शनाला गेल्या होत्या. सासूबाईंना कुणीतरी खुर्चीही आणून दिली होती. भरधावने वाटेत बरंच बोलायचं ठरवलं होतं. इतका जीव टांगणीला लावतात का, निदान सांगून तरी जायचं, असं बरंच. पण धाप एवढी लागली होती की तोंडातून शब्द फुटेना, आणि सासूबाईंना वाटलं जावई दर्शनाला आलेत.

"आलात? बरं केलंत. बसा," त्यांनी पदराने कठडा पुसून दिला.

तो बसला. खाली सगळं गाव पसरलं होतं. एवढ्या वर्षांत त्याने ते असं पाहिलंच नव्हतं. स्टॅंड दिसला, बाजार दिसला, नदी दिसली. मग गिरणीपुढची पत्र्याची शेड दिसली, आणि तिच्यामागे घराच्या गच्चीवर एक छोटीशी आकृती, पांढऱ्या कापडाच्या लांबच लांब पट्ट्या दोरीवर घालत असलेली. वाऱ्याने कापड उडालं की ती धावत जाऊन धरायची. भरधाव बघत राहिला. आपण बाहेर पडल्यावर ही दिवसभर काय करते, ते त्याला ठाऊक होतं, पण त्याने ते कधी पाहिलं नव्हतं.

"तुमचे सासरेही असेच होते," सासूबाई म्हणाल्या. "दरवर्षी म्हणायचे, यंदा लेकीकडे जाऊ, देवळं बघू, दोन दिवसांत उरकून येऊ. मी म्हणायचे, दोन दिवसांत उरकायचं तर मला यायचंच नाही. या भांडणात राहूनच गेलं बघा."

"सांगून जायचं होतं, आई," एवढंच भरधाव म्हणाला. "मी घाबरलो होतो."

"चुकलंच माझं," त्या लगेच म्हणाल्या. "तुम्ही कधी घाबरता असं मला वाटलंच नाही. तेवढा वेळ तुम्हाला कुठे असतो?"

आणि दोघांनाही हसू आलं.

पुढचे दिवस मग वेगळे गेले. रोज एक देऊळ, तेही दुपारपर्यंत. एक दिवस बायकोनेही मशीनवर कापड टाकून बरोबर यायचं ठरवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला एका जागी एवढा वेळ बसलेलं तिने पाहिलं नव्हतं. याला ताप तर नाही ना, असं तिने आईला हळूच विचारलं, आणि आईने आयाच्या सवयीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिलासुद्धा.

सासूबाई गेल्यावर भरधावने आपला फेरा बदलला. एका सकाळी फार तर तीन देवळं, असं तो सांगू लागला. स्टॅंडवर थट्टा झाली. काही उतारू दुसऱ्या रिक्षात जाऊन बसले. पण म्हातारीकोतारी माणसं, लेकुरवाळ्या बाया त्याला विचारत येऊ लागल्या. बाकी तो होता तसाच राहिला. चहा अजून वाफ निघत असतानाच घशाखाली जातो आणि जिन्यावर अजून बटणं लागतात. माणूस एवढ्या तेवढ्याने का मुळापासून बदलतो?

पुढल्या वर्षी सासूबाई पुन्हा आल्या, या वेळी वॉर्डातल्या दोन जुन्या मैत्रिणींना घेऊन. भरधावने तिघींना पहिल्या देवळात नेलं आणि स्वतःही आत येऊन बसला. तिघींच्या वॉर्डातल्या गप्पा सुरू झाल्या. कुठल्या बाळंतिणीने नवऱ्याला काय सुनावलं, कुठली जुळी कशी अदलाबदल होता होता राहिली, आणि कुठले मोठे डॉक्टर पहिल्यांदा चक्कर येऊन पडले. ऐकता ऐकता खांबाला टेकलेला भरधाव कधी घसरला आणि थंडगार फरशीवर कधी झोपी गेला, ते त्यालाही कळलं नाही. गप्पा संपल्या, दर्शन झालं, ऊन सरकून दुसऱ्या बाजूला गेलं. तिघी मैत्रिणी तशाच बसून राहिल्या, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना तोंडावर बोट ठेवून हळू चालायला सांगत होत्या.