आईची साक्ष आणि माझा चहा

दोन चर्चमध्ये ये-जा केली की माणसाकडं काहीतरी साठतंच. आईकडं आशीर्वाद साठले, पप्पांकडं मीटिंगांची मिनिटबुकं साठली आणि माझ्याकडं किस्से. मैत्रिणी बसल्या की एक सांगायला घ्यावा, तर मागचा त्याला ढकलतो, एसटीत चढताना ढकलतात तसं! सगळ्या हसतात. मीही हसते. पण हे घडत होतं त्या वर्षी मला अजिबात हसू येत नव्हतं, एवढं आधीच सांगून ठेवते.

मी म्हणजे नर्सिंग दुसऱ्या वर्षात सोडून घरी आलेली पोरगी. का सोडलं? मेट्रन म्हणाली, माफी माग. मी म्हणाले, चूक तुमची आहे. झालं! त्यानंतर कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या ख्रिस्ती म्हाताऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मग रूथ, आता काय करतीस?"

मी सांगायचे, "तुमच्या प्रश्नाची वाट बघत बसते."

* * *

पप्पा रिटायर्ड मास्तर आणि आमच्या जुन्या दगडी चर्चच्या पंच कमिटीतले पंच. त्या चर्चमध्ये प्रत्येक घराण्याचं बाक ठरलेलं. गीतं इतकी सावकाश की एका ओळीत पंख्याचे फेरे मोजून व्हायचे. कुणी खोकलं तरी पुढचे तिघं वळून बघायचे. लहानपणी मला वाटायचं, देव म्हणजे हेडमास्तर असणार आणि तो मागच्या व्हरांड्यात उभा राहून ऐकत असणार.

एकदा पेठ वडगावचे एक पाहुणे उपासनेला आले. पाळकांचा उपदेश रंगात आला होता, म्हणजे निम्मी मंडळी झोपली होती. पाहुण्यांना एक वाक्य आवडलं. ते मोठ्यानं म्हणाले, "आमेन!"

सगळं चर्च दचकून जागं झालं. पप्पा लगबगीनं उठले, बाहेर गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन पाहुण्यांजवळ आले.

"पावणं, बरं वाटत न्हाय का?"

* * *

गडहिंग्लजच्या मावशीला लकवा मारला. बीपीच्या गोळ्या तिनं मनानंच बंद केल्या होत्या. एक बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि तीन आठवड्यांत मावशीही गेली. आई तिची पाठची बहीण. बीपी आईलाही होतंच.

चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी दर रविवारी नावं वाचून प्रार्थना व्हायची. मावशीचं नाव त्या यादीत होतं. ती गेली, तिला माती दिली, तरी पुढचे सहा रविवार पाळक तिला बरं करण्यासाठी प्रार्थना करत राहिले! दर वेळी आई मान खाली घालायची आणि साडीचा पदर बोटाला गुंडाळायची.

सहाव्या रविवारी घरी येऊन मी पप्पांना विचारलं, "नाव का कमी करत नाही?"

पप्पा म्हणाले, "कमिटीची मीटिंग झाल्याशिवाय यादीत बदल करता येत नाही."

सातव्या रविवारी आई त्या चर्चला गेली नाही. शेजारच्या बाईंबरोबर रिक्षात बसून ती उद्यमनगरातल्या नव्या चर्चला गेली. मला विचाराल तर मंडळी तिथल्या पास्टरांनी फोडली नाही. मंडळी मिनिटबुकानं फोडली.

* * *

नवं चर्च म्हणजे एका वर्कशॉपच्या वरचा हॉल. खाली लेथ मशीन, वर पवित्र आत्मा. दोन्ही फुल स्पीडमध्ये! चपला बाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्या, ड्रम, कीबोर्ड आणि माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. इथल्या देवाला बहुतेक कमी ऐकू येत होतं.

आईवर लक्ष ठेवायला म्हणून मी गेले. पास्टर तरुण, कडक इस्त्रीचे, कमरेला मोबाईल लावलेले. ते कपाळावर हात ठेवायचे, माणूस मागं पडायचा, मागं उभे असलेले स्वयंसेवक त्याला झेलून सतरंजीवर निजवायचे. बाईमाणूस पडली की अंगावर ओढणी टाकायचे. काम एकदम शिस्तीत.

माझी पाळी आली. पास्टरांनी हात ठेवला, प्रार्थना केली, जरा दाबलं. मी उभी. आणखी दाबलं. मी उभीच! मागं झेलायला थांबलेले भास्करकाका माझ्या कानाशी कुजबुजले, "पोरी, पड की! मागं लाईन हाय."

भास्करकाका एसटीत ड्रायव्हर होते. गगनबावड्याच्या घाटात उभी हयात काढलेली. आता म्हातारे झाले होते, घरी एकटेच. मी पडले नाही, तरी त्या दिवसापासून माझी आणि त्यांची दोस्ती झाली.

आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट बघितली. आई रडत होती. मोठ्यानं, नाक ओढत, मावशीचं नाव घेऊन. एका अनोळखी बाईनं तिला पोटाशी धरलं होतं. दगडी चर्चमध्ये तीस वर्षं एकाच बाकावर बसलेल्या बाईला कुणी असं रडू दिलं नव्हतं. मी शिव्या द्यायच्या तयारीनं गेले होते. त्या दिवशी देता आल्या नाहीत.

* * *

पण हॉलमध्ये स्टेजपाशी एक वेताची टोपली होती. त्या चर्चची ती रीतच. ज्याला वाटलं आपण बरे झालो, त्यानं माइकवर साक्ष द्यायची आणि औषधं त्या टोपलीत टाकायची. चष्मे, गोळ्या, एक कमरेचा पट्टासुद्धा होता.

तिसऱ्या रविवारी आई उठली. मला काही कळायच्या आत तिनं पर्समधनं बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटं काढून टोपलीत टाकली.

घरी आल्यावर मी अक्षरशः ओरडले. आई शांत. "मी माइकवर साक्ष दिलीया, रूथ. आता गोळी घेतली तर प्रभूला खोटं पाडल्यागत हुईल."

"आणि मावशीसारखं झालं तर?"

"तिनं विश्वासानं सोडल्या नव्हत्या. कंटाळा करून सोडल्या."



नर्सिंगमधनं मी दोनच गोष्टी घेऊन आले होते. वाईट नाव आणि बीपी मोजायचं मशीन. दहा दिवसांनी, भांडून भांडून, आईचा हात त्यात घातला. एकशे ऐंशी! मी पुन्हा मोजलं. एकशे चौऱ्याऐंशी.

मी आईला दिवसभर फालतू जोक सांगायला लागले. तिला वाटायचं पोरगी लाडात आलीय. मला बघायचं असायचं, हसताना तोंड दोन्हीकडनं सारखं उचलतं का. ती आतल्या खोलीत गप्प असली की मी हाक मारायचे. "काय गं?" म्हणाली की शब्द नीट येतोय का ते ऐकायचं. कपबशी खाली ठेवल्याचा आवाज जरा मोठा आला तरी मी धावत जाऊन बघायचे.

* * *

म्हटलं, निदान पप्पांनी बोलावं. नवऱ्याचं ऐकेल. फार मागं लागल्यावर एका रविवारी पप्पा उद्यमनगरला आले. कोट घालून, गीताचं पुस्तक बगलेत. सगळे हात वर करून नाचत होते आणि पप्पा पुस्तक उघडून मला विचारत होते, "नंबर कितवा?"

तिथं पुस्तकच नव्हतं. प्रोजेक्टरवर हातानं लिहिलेली पारदर्शक शीट ठेवून भिंतीवर गाणी दाखवायचे. पप्पांनी खिशातनं पेन काढलं आणि पूर्ण उपासनाभर ते काहीतरी टिपून घेत होते. मला धीर आला. म्हटलं, मुद्दे काढतायत. आता पास्टरांना धरणार!

शेवटी पप्पा खरंच पास्टरांसमोर जाऊन उभे राहिले. कागद पुढं केला आणि आम्हा ख्रिस्त्यांच्या रीतीनं म्हणाले, "सलाम. तुमच्या गाण्यांत शुद्धलेखनाच्या एकतीस चुका आहेत."

आईच्या गोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. घरी येताना रिक्षात मी विचारलं, तर म्हणाले, "बाईमाणसाच्या श्रद्धेत मी पडत नाही."

ऱ्हस्व-दीर्घात पडले की!

* * *

मग मी माझं बघितलं. आईच्या जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधनं तीच गोळी आणली. रोज सकाळी सात वाजता उठायचं, गोळी दोन चमच्यांत दाबून चुरायची आणि आईच्या चहात घालायची. कडूपणा झाकायला आलं जास्त, साखर जास्त. आईच्या कपाचा कान तुटलेला होता, त्यामुळं अदलाबदलीची भीती नव्हती. तरीही ती शेवटचा घोट घेईपर्यंत मी दारात उभी असायचे. कधी अर्धा कप ठेवून भाजीवाल्याशी बोलायला जायची, तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला.

पहिल्या दिवशी तिनं घोट घेतला, थांबली. "आज जरा कडसर झालाय गं."

"आलं जुनं असेल."

"ऱ्हाऊ दे. असू दे." आणि प्यायली.

तीन आठवड्यांत बीपी एकशे तीसवर आलं. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं, इतकं बरं वाटलं.

त्या रविवारी आईनं माइक घेतला. "गोळीबिगर माझं बीपी नॉर्मल हाय! पोरीनं सोता मशीनवर बघितलंय!"

हॉल दणाणला. खालच्या लेथचा आवाजसुद्धा ऐकू येईना.

"आणि दुसरा चमत्कार ऐका. माझी ही पोरगी नऊशिवाय उठत नव्हती. ती आता साताला उठून मला चहा करून देती!"

दीडशे माणसांनी माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या.

* * *

टाळ्या थांबल्या आणि भास्करकाका उठले. शर्टाच्या खिशातनं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि टोपलीत टाकलं. "बाईंचं झालं, तर माझं बी हुईल की!"

त्यांना मी ओळखत होते. त्यांचं बीपी आईपेक्षा वाईट होतं. आणि त्यांच्या घरी सकाळी सातला चहा करणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पास्टरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. डोळे मिटले, मान हलवली. "ताई, प्रभू तुमच्या हातून काम करतोय."

"मग हेच रविवारी माइकवर सांगा."

"सगळ्यांना ते समजायचं नाही."

दगडी चर्चमध्ये मीटिंगशिवाय नाव कमी होत नव्हतं. इथं चमत्कार कमी होत नव्हता. ढोल वेगळा, पेटी वेगळी, मोठी माणसं मात्र एकाच कारखान्यातली!

मग भास्करकाकांच्या घरी गेले. त्यांना एकट्याला सांगितलं. काका म्हणाले, "म्हंजे तुझी आई माइकवर खोटं बोलली?"

"तिला माहीत नाही काका."

"मग तू खोटं बोलाय लागलीस. गोळ्यापायी म्या चर्चसमोर पलटी मारू व्हय? सांगायचं तर तिथं सांग. तिथं टाकल्यात, तिथंच उचलीन."

म्हणजे आईसमोर. दीडशे माणसांसमोर. आई मला घराबाहेर काढेल याची भीती नव्हती. गोळी कळल्यावर ती माझ्या हातचा चहाच बंद करेल, ही भीती होती. मग मी काय करणार होते?

रविवारपर्यंत काका ठणठणीत असू देत, एवढीच प्रार्थना केली. कुठल्या पद्धतीनं केली ते विचारू नका.

* * *

रविवारी साक्षीच्या वेळी मी उठले. पास्टरांचा चेहरा उतरला, पण सगळे टाळ्या वाजवत होते, माइक देणं भाग होतं.

त्या चर्चमध्ये साक्ष चालू असली की कीबोर्डवाला मागनं हळू सूर धरून ठेवायचा. म्हणजे कुणी किराणा मालाची यादी वाचली तरी डोळ्यांत पाणी यावं!

मी म्हणाले, "मी रोज सकाळी सातला उठते."

"आमेन!"

"आणि आईच्या चहात बीपीची गोळी घालते."

"हालेलूया!"

पुढच्या रांगेतली एक बाई तर डोळे पुसायला लागली. मी किंचाळले, "तो कीबोर्ड बंद कर रे!"

सूर थांबला. खाली लेथ घरघरत होतं, तेवढंच. मी पुन्हा सांगितलं, नीट, एकेक शब्द. कुठली गोळी, किती दिवस, किती बीपी होतं, किती झालं. आमेन आलं नाही. आईकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग चपलांशिवायची पावलं ऐकू आली. भास्करकाका सावकाश स्टेजपर्यंत आले, टोपलीत वाकले, चष्मे बाजूला सारले आणि आपलं पाकीट काढून खिशात घातलं. त्यांच्यामागं आणखी दोघं उठले.

रिक्षात आई बोलली नाही. दुपारी बोलली नाही. संध्याकाळी पप्पांना पोळी वाढली, मला वाढली, बोलली नाही. मी जोक सांगितला. ती हसली नाही, त्यामुळं तोंडही बघता आलं नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता मी उठले. गोळी हातात घेऊन स्टोव्हसमोर उभी राहिले. आता लपवण्यात अर्थ नव्हता आणि विचारण्यात दम नव्हता. गोळी डब्यात परत टाकली. साधा चहा केला, तुटक्या कानाच्या कपात ओतला आणि आईसमोर ठेवला.

तिनं एक घोट घेतला. कप खाली ठेवून माझ्याकडं सरकवला.

"आज कडू न्हाय झाला," आई म्हणाली. "रोजच्यागत कर की."