सूर्याआड रोहिणी

रुक्मिणीबाईचा वनमाळी रोहिणी नक्षत्रावर जन्मला. आपला कृष्णदेवही रोहिणीचाच. पण त्याच्या हातून मामा गेला, हेही घरोघर ठाऊक. म्हणून आमच्या तापीकाठी रोहिणीवर मुलगा झाला की पेढे वाटतानाही आईचा अर्धा जीव भावाकडे लागलेला असतो.

रुक्मिणीबाई माझी शेजारीण. पायात चाकं असल्यासारखी बाई. बसून जेवलेली मी तिला क्वचितच पाहिली. तिला भाऊ एकच, गिरधर, नंदुरबारला शाळेत मास्तर. आई लवकर गेल्यामुळे त्याला हिनंच कडेवर घेऊन वाढवलेलं. त्याच्यावर ती जीव टाकत असे.

रोहिणीवर मूल झालं की मामानं भाच्याचं तोंड पहिल्यांदा तेलात पाहायचं, अशी रीत आहे. बारशाआधी नक्षत्राची शांत झाली. अंगणात पाटावर काशाची वाटी भरून तेल ठेवलं. गिरधर वाटीवर वाकला, आणि बाळाला घेऊन त्याच्या मागे यायचं म्हणून रुक्मिणीबाई निघाली. पाटाला ठेच लागली, वाटी कलंडली, तेल शेणसड्यात जिरलं. भटजी म्हणाले, "दुसरं ओता, त्यात काय!" पण ही बाळाला पदराखाली झाकून जी आत पळाली ती पळालीच. देवालाच हे नको आहे, असं तिच्या मनानं घेतलं.

मग दोन वर्षं मामा-भाच्यात दाराची फळी. गिरधर आला की ओट्यावर बसायचा, वनमाळी आत कणगीजवळ. गिरधर बाहेरून कोंबड्यासारखा आरवायचा, पोर आतून खदखदून हसायचं. आवाज ओळखीचा, तोंड नाही.

घोडं अडलं ते जावळापाशी. मामाच्या मांडीवर बसवल्याशिवाय पहिले केस काढायचे नाहीत. वनमाळीला तिसरं वर्ष लागलं, केसांच्या जटा झाल्या. सासू तापीबाई रोज बोलायची, "पोर शे का गोसावी? एक तर मामाले दखाड, नही तर तूच वस्तरा धर."

पौषात गिरधर संक्रांतीचे तिळगूळ घेऊन आला. दिवेलागण झाली होती. त्यानं बहिणीला अंगणात ओढून आणलं, मलाही कुंपणावरून बोलावलं. डोक्यावर पूर्वेच्या बाजूला नारिंगी ठिपका दाखवून म्हणाला, "आक्का, हीच ना तुन्ही वैरीण? नीट देख तिले."

"देखू नको तू," ती म्हणाली.

त्याला पुस्तकं वाचायचा नाद. तो समजावू लागला. लोहाराकडे लोखंड आधी तांबडं होतं, मग नारिंगी, मग पांढरं. ही तारका नारिंगीवरच थांबलेली, म्हणजे आपल्या सूर्याहूनही कमी तापलेली. पण आकार केवढा! चव्वेचाळीस-पंचेचाळीस सूर्य एका रांगेत मांडले तर हिच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोचतील. "पण आक्का, आतून पोकळ म्हण. सूर्य म्हणजे जिनिंग प्रेसमधली दाबलेली कापसाची गाठ, ही म्हणजे पिंजाऱ्यानं पिंजलेला ढीग. डोंगराएवढा दिसतो, हात घातला तर हाताला काही लागत नाही."

तापीबाई ओट्यावरून म्हणाली, "थंडी ऱ्हावो का पोकळ. मोठी शे ना? मोठ्या माणसाले लोक भ्यातसच."

गिरधर हसला. मग त्यानं ठेवणीतली गोष्ट काढली. हिचा उजेड आपल्यापर्यंत यायलाच साठेक वर्षं लागतात. "वनमाळी झाला त्या रातले जो उजेड पडला, तो निघाला तवय तू नव्हतीस, मी नव्हतो. त्या बिचारीले माहीतच नही की गिरधर नावाचा कोणी मामा शे."

रुक्मिणीबाईचा चेहराच उतरला. "म्हणजे तुन्हा जन्माआधीच निघेल व्हता तो? इतक्या लांबून, तुन्हासाठीच?"

गिरधरनं कपाळावर हात मारून घेतला. न जेवताच गेला.

तेव्हापासून तिचं आणखीच बिनसलं. दिवा लावला की ती अंगणात. भाकरी तव्यावर करपायची आणि ही मान वर करून उभी. मला विचारायची, "वहिनी, आज जास्त तांबडी दिसस का?" मी म्हणायची, "अगं, तुळशीला पाणी घाल, नाव घे त्याचं, ज्याचं नक्षत्र आहे." ती पाणी घालायची, नावही घ्यायची, पण डोळे वरच. माघात तारका माथ्यावर, फाल्गुनात पश्चिमेला कललेली, चैत्रात शेवरीच्या शेंड्याला टेकलेली. वैशाखाच्या मध्यावर एका संध्याकाळी ती धावतच माझ्याकडे आली. "नही शे! कथा गई?" कुठे गेली म्हणून मलाच विचारू लागली.

दुसऱ्या दिवशीही दिसली नाही. नजरेसमोरचा साप दिसेनासा झाला की माणूस जसं घरभर शोधतं, तशी ती आभाळ शोधायची. अखेर नवऱ्याला, लोटनभाऊंना, तिनं नंदुरबारला पिटाळलं. शाळेला सुट्टी होती. गिरधर आला, नेहमीसारखा ओट्यावर बसला आणि दारातून म्हणाला, "सूर्याआड गेली. सूर्य तिच्या अंगणात शिरतोय, म्हणून तर आता रोहिण्या लागतील. दिवसा सूर्याबरोबर उगवते, त्याच्याबरोबरच मावळते. त्याच्या झळाळीत दिसणार कशी?"

"म्हणजे मधे सूर्यनारायण उभा?"

"तसंच म्हण."

"किती दिन?"

"मृग लागेपर्यंत तरी."

आतून तिचा आवाज आला, "तिले आपण दिसत नही, तवयच जावळ करू. थोरला पोरगा, ज्येष्ठ चालणार नही. येत्या चार दिवसांतच."

गिरधरनं तोंड उघडलं. आपल्याला दिसत नाही म्हणून ती नाहीशी होत नाही, हे मास्तराच्या जिभेवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यानं तोंड मिटलं आणि म्हणाला, "मी न्हाव्याला सांगून येतो."

प्रकाशा गावी, केदारेश्वराच्या देवळाखाली, तापीच्या वाळूत जावळ झालं. मुद्दाम भर दुपारी. वाळूत पाय ठरत नव्हता. गिरधर मांडी घालून बसला, लोटनभाऊंनी वनमाळीला त्याच्या मांडीवर ठेवलं. अनोळखी तोंड पाहून पोरानं ओठ काढले. गिरधर हळूच कोंबड्यासारखा आरवला. पोर थबकलं, वळून त्यानं मामाचे दोन्ही गाल चाचपले आणि त्याच्या तोंडात बोट घालून आवाज कुठून येतो ते पाहू लागलं. न्हावी म्हणाला, "मामा, मान धरा, नही तर कान जाई!"

रुक्मिणीबाईनं यातलं काहीच पाहिलं नाही. हातानं डोळ्यांवर आडोसा धरून ती सूर्याकडे तोंड करून उभी होती, तो जागचा हलतो की काय म्हणून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी दोनदा म्हणाले, "बाई, खाली बघ." नाही बघितलं.

परतताना गाडीतही ती मागे तोंड करून बसली. सूर्य बुडाला, पश्चिमेचा तांबूसपणा विझला, तिथं एकही नारिंगी ठिपका दिसला नाही, तेव्हा कुठे तिनं मान वळवली. वनमाळी गुळगुळीत डोकं मामाच्या खांद्यावर टाकून झोपला होता, मामाही डुलक्या घेत होता. तिनं पोराला घ्यायला हात पुढे केले. क्षणभर ते तसेच राहिले. मग तिनं पदर सोडून दोघांच्या अंगावर घातला आणि लोटनभाऊंना म्हणाली, "बैल दमानं हाका, झोप मोडाले नको."

त्या दिवशी घरी पोचल्यावर ती आमच्या ओट्यावर बसून जेवली.